खुरप्याला लागली ती हुमणीच का? मातीतल्या अळ्या आणि कृमी ओळखण्यासाठी पावसाळी सल्ला

जुलैत खुरपणी-भांगलण सुरू झाली की मातीतून काही ना काही वळवळत वर येतेच. पांढरे दिसले की हुमणी (पिकाची मुळे खाणारी भुंग्याची अळी) आणि लांबट दिसले की गांडूळ, असे ठरवून पुढची धावपळ सुरू होते. या घाईत दोन प्रकारे नुकसान होते. निरुपद्रवी अळीसाठी दाणेदार औषध टाकले जाते आणि त्यात गांडुळे मरतात. नाहीतर खरी हुमणी शेणखतातला किडा समजून सोडली जाते आणि सप्टेंबरात ऊस नाहीतर भुईमूग पिवळा पडू लागतो. म्हणून आधी ओळख पटवा, उपाय त्यानंतर.

सापडलेला जीव पांढऱ्या ताटलीत घ्या, थोडे पाणी टाकून माती धुवा आणि पाय बघा. पाय अजिबात नाहीत, अंगावर वलये आहेत आणि वेगळे डोके दिसत नाही, तर ते बहुधा गांडूळ. पुढच्या भागात पायांच्या तीनच जोड्या असतील तर ती भुंग्याची अळी. तीन जोड्यांशिवाय पोटाखाली मांसल, आखूड पायही असतील तर ती पतंगाची अळी. प्रत्येक वलयाला पाय असतील तर वाणी किंवा गोम.

हुमणी आणि तिच्यासारख्या दिसणाऱ्या अळ्या

सर्वात जास्त गफलत इथे होते. हुमणीची अळी पांढुरकी, जाडसर आणि इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली असते. डोके तांबूस-तपकिरी व चकचकीत असते. पूर्ण वाढलेली अळी दीड ते दोन इंच भरते. मागचा भाग फुगीर असतो आणि आतली माती कातडीतून काळसर दिसते.

शेणखताच्या उकिरड्यात अशाच अळ्या ओंजळभर निघतात. त्यांतल्या बऱ्याच फुलभुंग्याच्या असतात. त्या कुजलेला पाला खातात, जिवंत मुळांना त्रास देत नाहीत. ओळखण्याची सोपी चाचणी आहे. अळी सपाट फरशीवर किंवा ताटात ठेवा आणि मिनिटभर थांबा. फुलभुंग्याची अळी उलटी होते, पाय वर करते आणि पाठीवर सरपटत बऱ्यापैकी वेगाने निघून जाते. हुमणी तशी चालत नाही. ती कुशीवर वळून पडून राहते किंवा पोटाच्या बाजूने धडपडते.

कोकणात आणि नारळाच्या बागांजवळ खतखड्ड्यात तिसरीही अळी मिळते. ती अंगठ्याएवढी जाड, तीन-चार इंचांपर्यंत लांब आणि गडद डोक्याची असते. ही गेंडा भुंग्याची अळी. ती मुळे खात नाही, पण तिचाच भुंगा पुढे नारळाचा शेंड्यातला, न उलगडलेला कोवळा सुईपाला पोखरतो. त्यामुळे खत शेतात नेताना खड्डा तळापर्यंत उपसून या अळ्या वेचून नष्ट करा. शेणखत न चाळता घातले, तर हुमणीची पैदास आपणच वावरात नेऊन टाकतो, हेही लक्षात असू द्या.

खरी हुमणी शेतात किती आहे, हे अंदाजाने ठरवू नका. एक फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट खोल खड्डे शेतात तिरप्या रेषेत घ्या. असे 11 खड्डे मिळून जवळपास एक चौरस मीटर क्षेत्र होते. चौरस मीटरला एक अळी सापडली तरी उपाय सुरू करावा. खड्डे पिवळ्या पडलेल्या झाडांखाली आणि शेजारच्या हिरव्या झाडांखालीही घ्या, कारण अळी एक मूळ संपवून पुढच्या झाडाकडे सरकते. हुमणी लागलेले झाड हाताने ओढले तर अलगद उपटून येते, मुळे कुरतडलेली असतात.

या किडीची वर्षाला एकच पिढी होते, म्हणून वेळ साधणे महत्त्वाचे. वळवाच्या किंवा पहिल्या जोरदार पावसानंतर भुंगेरे, म्हणजे हुमणीचे प्रौढ भुंगे, संध्याकाळी जमिनीतून निघतात आणि कडुनिंब, बाभूळ, बोर यांच्या पानांवर जमतात. त्या आठवड्यांत रात्री फांद्या हलवून भुंगेरे खाली पाडावेत, रॉकेल किंवा साबण घातलेल्या पाण्यात टाकावेत आणि हेक्टरी एक प्रकाश सापळा लावावा. अंडी घालण्याआधी पकडलेला भुंगेरा हा सगळ्यात स्वस्त उपाय आहे, आणि तो एकट्याने नाही, गावाने मिळून केला तरच उपयोगी पडतो. अंडी दहा-पंधरा दिवसांत उबतात. पहिल्या अवस्थेतली अळी सेंद्रिय पदार्थ खाते, नंतर मुळांकडे वळते. तिसरी अवस्था साडेचार महिन्यांहून जास्त चालते आणि तेव्हा ती खोल जाते, औषधाला दाद देत नाही. म्हणून जुलै ते ऑगस्टचा पहिला पंधरवडा हीच खरी संधी.

मेटारायझियम ही हुमणीला मारणारी बुरशी हेक्टरी 10 किलो, म्हणजे एकरी 4 किलो, चांगल्या कुजलेल्या ओलसर शेणखतात मिसळून मुळांजवळ द्यावी. माती वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल नसलेली, असावी. कोरड्या मातीत बुरशी वाढत नाही. सोबत बुरशीनाशक दिले तर सारा खर्च वाया जातो. परिणाम दोन दिवसांत शोधू नका. मेलेली अळी आधी कडक होते, मग तिच्यावर पांढरा थर येतो आणि शेवटी तो गडद हिरवा होतो. अशी अळी सापडली तर ती फेकू नका, तिथेच मातीत राहू द्या. जुन्या सवयीने कोणी फोरेट हे दाणेदार कीटकनाशक मागितले तर एवढेच सांगा की ते औषध 2020 अखेर देशात बंद झाले आहे.

रोपे तुटून पडलेली दिसली तर

रोपे जमिनीलगत कापलेली, पण मुळे शाबूत असतील तर हुमणी शोधत बसू नका. हे काम रोपे कुरतडणाऱ्या अळीचे आहे. अळी राखाडी-काळसर, तेलकट, दीड ते दोन इंच लांब आणि हात लावताच गोल वळणारी असते. ती दिवसा पडलेल्या रोपाभोवतीच दोन इंच खोलीत लपते. सकाळी तिथेच बोटाने माती उकरून वेचा. हरभऱ्यात आणि भाजीच्या रोपवाटिकेत ती हमखास भेटते.

विदर्भात सोयाबीन आणि कपाशीच्या उगवत्या रोपांना वाणी खाते. वाणी गोल, पुष्कळ पायांची असते आणि स्पर्श करताच गुंडाळून पैशासारखी होते. प्रत्येक वलयाला पायांच्या दोन जोड्या असतात. मूळची ती कुजका काडीकचरा खाणारी. पेरणीनंतर पावसाने ओढ दिली की ओलाव्यासाठी कोवळ्या रोपांवर येते. संध्याकाळी शेतात ओल्या गवताचे छोटे ढीग ठेवा, सकाळी ढिगाखाली जमलेल्या वाणी गोळा करून साबणाच्या पाण्यात बुडवा. चपटी, प्रत्येक वलयाला पायांची एकच जोडी असलेली आणि चपळ असेल तर ती गोम. ती किडे खाते, तिला मारू नका, पण हातही लावू नका.

गांडूळखताच्या बेडात

बारीक, दोऱ्यासारखे पांढरे कृमी दिसले की गांडुळांची पिल्ले झाली म्हणून आनंद होतो. गांडुळाच्या पिल्लात रक्ताची लालसर छटा दिसते. हे मात्र वाढले तरी पांढरेच राहतात. ते बेड फार ओला आणि आंबट झाल्याची खूण आहेत. पाणी कमी करा, सुका पाला मिसळा, आंबट फळांच्या साली थांबवा. चपट्या, राखाडी-तपकिरी, चामड्यासारख्या अळ्या काळ्या सैनिक माशीच्या. त्या ओला कचरा झपाट्याने खातात, घाबरण्याचे कारण नाही.

बेडाला खरा धोका आहे तो पंख्यासारख्या रुंद डोक्याच्या, चिकट, पाठीवर गडद रेघा असलेल्या चपट्या कृमीचा. तो गांडुळे खातो. त्याला कुदळीने तोडू नका. तुकड्यांतून नवे कृमी तयार होतात. अंगावरच्या स्रावात विष असल्याने हातमोजा घाला, उचलून मिठाच्या किंवा साबणाच्या पाण्यात टाका. मीठ थेट बेडात टाकू नका, गांडुळेही मरतील.

डोळ्यांना न दिसणारे

मुळांवर गाठी आहेत म्हणून सोयाबीन उपटून फेकण्याआधी नखाने एक गाठ खरवडा. सहज सुटून आली आणि आत गुलाबी निघाली, तर ती नत्र स्थिर करणारी गाठ, तिला जपा. गाठ मुळातच फुगलेली असेल, सुटत नसेल, तर ते सूत्रकृमींचे, म्हणजे मुळात शिरणाऱ्या अतिसूक्ष्म कृमींचे काम. टोमॅटो, भेंडी, वांगी, काकडी आणि डाळिंब यांत हे नेहमी होते. निंबोळी पेंड आणि झेंडूचे पीक यांनी त्यांचा जोर कमी होतो, पण आधी तपासणी करून घ्या. डाळिंबात मुळांच्या कक्षेतली, वीतभर खोलीवरची पाव किलो माती आणि थोडी बारीक मुळे प्लास्टिक पिशवीत बांधा. नमुना उन्हात ठेवू नका, सुकवू नका.

वाळा आणि देवगांडूळ

चकचकीत, गांडुळापेक्षा चपळ, वलयांऐवजी बारीक खवले असलेला आणि जीभ बाहेर काढणारा वाळा हा बिनविषारी साप आहे. तो मुंग्या-वाळवीची अंडी खातो. सह्याद्रीच्या पट्ट्यात देवगांडूळ सापडते. त्याला जबडा आणि बारीक दात असतात, कातडी ओली व गुळगुळीत असते. ते बेडकासारखेच उभयचर, दुर्मीळ आहे. दोघांनाही फावड्यावर घेऊन बांधाकडेच्या ओल्या मातीत सोडा.

ओळख पटली नाही तर अळी जिवंत पिशवीत भरू नका, वाटेत काळी पडते. मिनिटभर उकळत्या पाण्यात टाका, मग स्पिरिट भरलेल्या छोट्या बाटलीत ठेवा. त्याआधी नाण्याशेजारी ठेवून तीन फोटो काढा: बाजूने, डोक्याचा आणि शेवटच्या वलयाचा खालून. शेपटाकडच्या केसांच्या रचनेवरून हुमणीची जात ठरते. पीक, सापडल्याची खोली आणि तारीख बाटलीवर चिकटवून जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात द्या.