व्हॅनच्या ब्रेक आणि स्टिअरिंग मॉड्यूलमधला संपर्क तुटल्यास दोष कसा शोधावा

व्हॅनच्या डॅशबोर्डवर एबीएस (जोरात ब्रेक मारताना चाके लॉक होऊ न देणारी यंत्रणा), स्थिरता नियंत्रण आणि स्टिअरिंग यांचे दिवे एकदमच लागतात, स्टिअरिंग जड होते आणि दोषांचे कोड वाचणारा स्कॅनर जोडला की ‘ब्रेक मॉड्यूलशी संपर्क तुटला’ असा कोड दिसतो. अशा वेळी ब्रेक मॉड्यूलच (एबीएस आणि स्थिरता नियंत्रण चालवणारा इलेक्ट्रॉनिक डबा, म्हणजेच एबीएस मॉड्यूल) गेले असे धरून नवे मागवण्याची घाई होते आणि पुष्कळदा तो खर्च वाया जातो. कोडचा अर्थ इतकाच असतो, की तो नोंदवणाऱ्या मॉड्यूलला ठरलेल्या वेळेत ब्रेक मॉड्यूलचा संदेश मिळाला नाही. बोलणारा गप्प झाला, ऐकणाऱ्याच्या बाजूने ऐकू आले नाही, की मधली वाटच तुटली, हे कोडवरून कळत नाही. ते मोजून ठरवावे लागते.

या दोन मॉड्यूलचा एकमेकांशी संबंध काय, हे आधी लक्षात घ्यावे. विजेवर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगला गाडीचा वेग कळवण्याचे काम ब्रेक मॉड्यूल करते. त्या वेगानुसार पार्किंग करताना स्टिअरिंग हलके आणि मोठ्या वेगात घट्ट ठेवले जाते. उलट दिशेने, चालकाने स्टिअरिंग किती अंशांत वळवले आहे ही माहिती स्थिरता नियंत्रणाला लागते, कारण गाडी खरोखर किती वळते आहे याच्याशी तिची सतत तुलना चालू असते. त्यामुळे एक गप्प झाले की दोघांचेही दिवे लागतात आणि मूळ दोष कोणाकडे आहे ते नुसत्या दिव्यांवरून ओळखता येत नाही.

काम सुरू करण्यापूर्वी एक गोष्ट निक्षून सांगितली पाहिजे. एबीएस बंद पडले तरी हायड्रॉलिक ब्रेक लागतात आणि स्टिअरिंगचा यांत्रिक जोडही शाबूत असतो, म्हणून पुष्कळ जण गाडी तशीच चालवत राहतात. परंतु एबीएसबरोबर बहुतेक गाड्यांत पुढच्या-मागच्या चाकांवरचे ब्रेकबळ वाटून देणारी यंत्रणाही थांबते. व्हॅनमध्ये मालाचे वजन रोज बदलते, त्यामुळे जोरात ब्रेक मारल्यावर मागची चाके आधी लॉक होण्याचा धोका तिथे जास्त असतो. शिवाय खंडित, म्हणजे मधूनच येणाऱ्या-जाणाऱ्या, दोषात स्टिअरिंगची मदत ऐन वळणावर जाऊ किंवा परत येऊ शकते. दोष सापडेपर्यंत गाडी रस्त्यावर काढू नये.

पहिले काम स्कॅनरचे, पण ते केवळ ब्रेक मॉड्यूलपुरते करू नये. गाडीतल्या सर्व मॉड्यूलचे कोड वाचावेत, त्यांसोबत नोंदलेला वेग आणि बॅटरीचा व्होल्टेज लिहून ठेवावा आणि मगच कोड पुसावेत. यू ०१२१ म्हणजे एबीएस मॉड्यूलशी संपर्क तुटला, यू ०१३१ म्हणजे पॉवर स्टिअरिंगशी आणि यू ०१२६ म्हणजे स्टिअरिंग कोन सेन्सरशी. यू ०४१५ आणि यू ०४२८ यांची जात वेगळी आहे: अनुक्रमे एबीएसकडून आणि कोन सेन्सरकडून संदेश येतो आहे, पण त्यातली माहिती ग्राह्य नाही, असे ते सांगतात. हा दुसऱ्या प्रकारचा कोड असेल तर तारा तपासत बसण्याआधी चाकांचे वेग सेन्सर आणि कोन सेन्सरचे कॅलिब्रेशन पाहावे, कारण संदेश पोहोचतो आहे म्हणजे वाट बहुधा चालू आहे.

यानंतर कोण कोणाविरुद्ध तक्रार करते आहे याचा तक्ता कागदावर मांडावा. इंजिन, बॉडी कंट्रोल, मीटर आणि स्टिअरिंग हे सगळेच एबीएस सापडत नाही म्हणत असतील आणि स्कॅनरलाही ते उत्तर देत नसेल, तर एबीएसचा वीजपुरवठा, त्याचे अर्थिंग किंवा संवादाच्या मुख्य तारांपासून त्याच्याकडे जाणारी फांदी यांकडे वळावे. तक्रार एकट्या स्टिअरिंगची असेल आणि बाकीच्यांना एबीएस नीट ऐकू येत असेल, तर एबीएसला हात लावण्याचे काही कारण नाही. स्टिअरिंगच्या बाजूची फांदी तपासावी. सगळेच एकमेकांविरुद्ध तक्रार करत असतील तर मुख्य तारांवरच अडचण आहे किंवा बॅटरी कमजोर आहे. एवढ्या तक्त्याने अर्धे काम होते, तरीही घाईत तोच सर्वांत जास्त वेळा टाळला जातो.

आता वीजपुरवठा. बॅटरी विश्रांतीत १२.६ व्होल्टच्या आसपास असावी. व्हॅन उभी असताना स्टिअरिंग टोकापर्यंत वळवले तर मोटर ५० अँपिअरहून अधिक प्रवाह ओढू शकते. म्हातारी बॅटरी त्या क्षणी कोसळते आणि मॉड्यूल रीसेट होऊन संपर्क तुटल्याचे कोड पडतात. फ्यूज काढून डोळ्यांनी पाहणे पुरेसे नाही, त्याच्या दोन्ही टोकांना भारासह, म्हणजे प्रवाह वाहत असताना, व्होल्टेज मोजावा. अर्थिंगची तपासणीही भारासहच करावी: मल्टीमीटरची काळी तार बॅटरीच्या ऋण टोकाला आणि लाल तार मॉड्यूलच्या अर्थ पिनच्या मागच्या बाजूला लावून इग्निशन चालू ठेवावे व स्टिअरिंग वळवावे, किंवा स्कॅनरने एबीएसचा पंप चालवावा. मॉड्यूलच्या इलेक्ट्रॉनिक भागाच्या अर्थ तारेवर ०.१ व्होल्टहून जास्त घट दिसली तर तो जोड उघडून साफ करावा. नुसती कंटिन्युइटी (तार अखंड आहे की नाही) तपासून समाधान मानू नये. तारेतला एकच धागा शिल्लक असला तरी मीटरची शिट्टी वाजते, पण तो धागा मोटरचा प्रवाह पेलू शकत नाही.

वीज ठीक निघाली तर संवादाच्या तारांकडे यावे. आजच्या व्हॅनमध्ये हा संवाद कॅन बसवरून, म्हणजे सर्व मॉड्यूलना जोडणाऱ्या सामाईक तारांवरून, होतो. ही पद्धत बॉश कंपनीने १९८६ मध्ये मांडली आणि पुढे ती आयएसओ ११८९८ या मानकात आली. एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारा असतात, कॅन-हाय आणि कॅन-लो. शांत असताना दोन्हींवर सुमारे २.५ व्होल्ट असतात. संदेश जाताना हाय ३.५ कडे चढते आणि लो १.५ कडे उतरते. बसच्या दोन्ही टोकांना १२० ओमचा एकेक रोध असतो, म्हणून दोन तारांमध्ये मोजल्यास ६० ओम मिळतात.

हे मोजण्यासाठी बॅटरीची ऋण तार काढावी, सर्व मॉड्यूल शांत होण्यास काही मिनिटे द्यावीत आणि निदान सॉकेटच्या (स्कॅनर जिथे जोडतात त्या सॉकेटच्या) ६ व १४ क्रमांकाच्या पिनांमध्ये रोध पाहावा. १२० ओम आले तर एका टोकाचा रोध बसपासून सुटला आहे. ४० च्या आसपास आले तर कुठेतरी तिसरा रोध जोडला गेला आहे. चुकीच्या प्रकारचे मॉड्यूल किंवा नंतर बसवलेले उपकरण हे त्याचे नेहमीचे कारण. शून्याजवळ आले तर दोन तारा एकमेकींना चिकटल्या आहेत. मात्र नव्या गाड्यांत सॉकेट आणि ब्रेक-स्टिअरिंगची बस यांच्या मध्ये गेटवे, म्हणजे वेगवेगळ्या बसमधले संदेश पुढे पोहोचवणारे मॉड्यूल, असतो. तिथे सॉकेटवरचे माप फक्त निदानाच्या बसचे असते, त्यामुळे वायरिंगचा नकाशा पाहून योग्य बसच्या कनेक्टरवरच मोजावे लागते.

इथे बरेच जण फसतात, म्हणून थोडे थांबून सांगतो. ६० ओम आले म्हणजे तारा चांगल्या, असे होत नाही. एबीएस मॉड्यूल मुख्य बसवरून निघालेल्या फांदीवर असेल आणि ती फांदी तुटली असेल, तरी दोन्ही टोकांचे रोध जागच्या जागी असल्याने मीटर ६० च दाखवतो. दोन्हींपैकी एक तार बॉडीला टेकली असली तरीही माप ६० च राहते. म्हणून एबीएसचा कनेक्टर काढून हार्नेसच्या (गाडीतल्या तारांच्या जुडग्याच्या) बाजूने तेच माप पुन्हा घ्यावे: मॉड्यूल मधल्या फांदीवर असेल तर ६०, आणि टोकाचा रोध त्याच्याच पोटात असेल तर १२० अपेक्षित आहे. त्यानंतर प्रत्येक तारेचा बॉडीशी रोध पाहावा. तो काही ओमांपुरताच भरला तर ती तार अर्थला लागली आहे.

बॅटरी पुन्हा जोडून इग्निशन चालू केल्यावर मल्टीमीटर सरासरी दाखवतो: हायवर २.६ ते २.८ आणि लोवर २.२ ते २.४ व्होल्ट, आणि दोन्हींची बेरीज पाचच्या जवळ. एखादी तार शून्यावर किंवा बॅटरीच्या व्होल्टेजवर बसली असेल तर शॉर्ट उघड आहे. सगळी बसच बंद असेल तर व्होल्टेजवर नजर ठेवून एकेक मॉड्यूलचा कनेक्टर काढत जावे, प्रत्येक वेळी आधी इग्निशन बंद करून. जो काढल्यावर बस जिवंत होते, ते मॉड्यूल किंवा त्याची फांदी संशयित. एअरबॅगच्या जोडांना मात्र बॅटरी काढून निर्मात्याने सांगितलेला वेळ थांबल्याशिवाय हात लावू नये, आणि कोन सेन्सर स्टिअरिंगच्या एअरबॅगलगतच असतो हे विसरू नये. कॅनच्या तारांवर टेस्ट लॅम्प कधीही लावू नये.

इग्निशन बंद-चालू केले की दोष जातो आणि नंतर पुन्हा येतो, याचेही कारण आहे. पाठवताना वारंवार चुका झाल्या की मॉड्यूलमधला चूक-मोजक वाढत जातो आणि तो २५५ च्या पुढे गेला की मॉड्यूल स्वतःच बसवरून बाजूला होते. अशा खंडित दोषात ऑसिलोस्कोप (व्होल्टेजची लहर पडद्यावर दाखवणारे उपकरण) जोडून हार्नेस हाताने हलवत जाणे हीच खात्रीची रीत आहे. निरोगी बसवर दोन लहरी आरशातल्या प्रतिबिंबासारख्या दिसतात, आणि दोषाच्या जागी हात लागला की त्या बिघडतात.

एबीएसचा कनेक्टर बहुतेक वेळा इंजिनाच्या कप्प्यात, खालच्या बाजूला असतो. खटक्याचा दांडा पूर्ण वर घेऊन तो सरळ ओढावा आणि टॉर्चच्या उजेडात एकेक पिन पाहावी. रबरी सीलची कड दुमडलेली, पिनच्या बुडाशी हिरवट-पांढरी भुकटी, एखादी पिन शेजारच्यांपेक्षा केसभर आत गेलेली, हे सारे तिथे दिसते. पाणी तारेच्या धाग्यांमधून लांबवर झिरपत येते, म्हणून कनेक्टर कोरडा दिसला तरी जवळची तार हाताला ताठ किंवा काळपट वाटते का तेही पाहावे. मीटरची जाड सळई पिनच्या खोबणीत खुपसू नये. खोबण फाकते आणि एक नवा दोष तयार होतो. व्हॅनमध्ये याखेरीज ट्रॅकर, टोइंग जोड किंवा शीतपेटीची वायरिंग कॅन तारांवर चिमटा लावून घेतलेली असते. असा प्रत्येक चिमटा काढून आधी गाडी मूळ स्थितीत आणावी. माझ्या मते संशयाच्या यादीत त्याचे स्थान मॉड्यूलच्या बरेच वर असायला हवे.

तार दुरुस्त करताना त्याच जाडीची तार घ्यावी, दोन्ही तारांचा पीळ जोडाच्या शक्य तितक्या जवळपर्यंत ठेवावा, दोन जोड शेजारी न घेता थोडे मागेपुढे घ्यावेत आणि त्यांवर गोंद असलेली आकुंचन नळी बसवावी.

पुरवठा, अर्थिंग आणि दोन्ही कॅन तारा मॉड्यूलच्या पिनपर्यंत निर्दोष ठरल्या आणि तरीही ते बोलत नसेल, तरच मॉड्यूल बदलावे. नव्या मॉड्यूलला त्या गाडीचे कोडिंग आणि स्टिअरिंग कोनाचे कॅलिब्रेशन लागते. शेवटी कोड पुसून, व्हॅन आधी जागेवरच दोन्ही टोकांपर्यंत वळवून आणि मग मोकळ्या मैदानात रिकामी चालवून सर्व मॉड्यूल पुन्हा स्कॅन करावेत. दोष पावसात येत होता असे चालकाने सांगितले असेल तर त्या भागावर हलका पाण्याचा फवारा मारून तीच तपासणी पुन्हा करावी.