छर्‍याच्या बंदुकीची नळी हात लावला की उघडते? स्प्रिंग ताणू नका, आधी वायसर बघा

नळी मोडून छर्रा भरायची जी एअर रायफल असते, तिची नळी उघडायला पुढच्या टोकाला तळहाताची एक सणसणीत चापट लागली पाहिजे. नुसती उचलली की 'टक' करून सुटते, खांद्याला लावेपर्यंत झुकते, असं असेल तर लॉक नीट बसत नाहीये. मग हवा सांध्यातून निसटते आणि छर्रा कधी वर कधी खाली. यावर ज्याला त्याला विचारा, एकच उपाय सांगतात, लॉकची स्प्रिंग काढ, पकडीने ताण, घाल परत. थोडे दिवस बरं चालतं, मग स्प्रिंग बसते ती आधीपेक्षा वाईट.

हे सगळं फक्त 0.177 इंच म्हणजे 4.5 मिमी छर्‍याच्या, 20 ज्यूलच्या आतल्या ताकदीच्या, परवाना न लागणार्‍या एअर रायफलसाठी. बागेत वानर येतात म्हणून शेतीसंरक्षणाच्या परवान्यावर घेतलेली काडतुसाची बंदूक असेल आणि तिचा बोल्ट किंवा सांधा ढिला वाटत असेल तर घरी खोलू नका. आर्म्स अ‍ॅक्ट 1959 प्रमाणे बंदूक दुरुस्तीच्या धंद्यालाही परवाना लागतो, तो असलेल्या कारागिराकडेच न्यायची.

बंदूक रिकामी करा. ताणलेली असेल तर वाळूच्या पोत्यात छर्रा मारून मोकळी करा. आणि नळी उघडी असताना चापाला बोट लावायचं नाही म्हणजे नाही, ताणलेली नळी फटकन बंद होते, बोट मध्ये असेल तर बोट जातं, नसेल तर नळी वाकते.

आता नळी बंद करून डावी-उजवीकडे हलवा. खडखडत असेल तर सांध्याचा बोल्ट ढिला आहे: बाजूचा छोटा लॉक स्क्रू सोडा, बोल्ट एक खाच आवळा, लॉक स्क्रू परत लावा, झालं. बाजूला हलत नाही पण खाली सहज पडते, तर बोल्टला हातच लावू नका. बोल्ट आवळून आवळून लॉकचं काम करून घेणारे खूप भेटतात, नळी जड चालते, बाजूचे पातळ वायसर खाल्ले जातात आणि मूळ दुखणं तिथंच.

आता मुख्य गोष्ट, माझा सगळ्यात जास्त वेळ इथेच गेलाय. नळीच्या मागच्या तोंडाखाली स्प्रिंगवर बसलेली एक पाचर असते (काहींत बेअरिंगसारखी गोल गोळी), ती समोरच्या आडव्या पिनेखाली सरकून नळी धरून ठेवते. ती पिनेखाली पूर्ण सरकली तरच पकड. ती का सरकत नाही याची कारणं दोन, आणि लोक नेमकं दुसर्‍यापासून सुरुवात करतात.

पहिलं कारण वायसर. जुन्या बंदुकांत नळीच्या मागच्या तोंडाला चामड्याचा वायसर असतो आणि आपल्याकडे मालवण-वेंगुर्ल्याच्या पावसात चामडं ओल धरून फुगतं. वायसर जाड झाला की नळी केसभर उघडी राहते, पाचर अर्धवटच बसते, बाहेरून मात्र बंद दिसते. खात्री करायची तर सुईने वायसर काढा आणि नळी बंद करा (या अवस्थेत ताणायची किंवा मारायची नाही). आता कडक 'खट्' आवाज येऊन घट्ट बसली तर स्प्रिंग ठणठणीत आहे, गुन्हेगार वायसर. त्याच्या मागे कुणी शहाण्याने पत्त्याचा तुकडा घातलेला असतो तोही काढून फेका. नवीन वायसर किंवा ओ-रिंग बसवल्यावर नखाला जेमतेम लागेल इतकीच वर दिसायला हवी, जास्त असेल तर चामड्याची मागची बाजू काचेवर पॉलिश पेपर ठेवून घासा.

वायसर काढूनही ढिली, तर मग पाचर. दहातल्या आठ वेळा तिच्या भोकात खोबरेल तेल सापडतं, कारण कोकणात केसापासून कोयंड्यापर्यंत सगळ्याला तेच लावतात. ते साधारण 24 डिग्रीखाली थिजतं, जुनं झालं की चिकट होतं, त्यात लाल माती बसली की पाचर आतच अडकते. रॉकेलमध्ये बुडवलेल्या टूथब्रशने घासा, काडीने दाबून बघा, झटक्याने बाहेर आली पाहिजे.

तरीही आळशी असेल तरच पाचरीला धरून ठेवणारी पिन काढा. फडक्यात धरून काढा, स्प्रिंग उडाली की अंगणातल्या चिर्‍यात सापडत नाही. आणि आधी मोबाईलवर फोटो घ्या, पाचरीचा उतार उलटा बसला तर नळी बंदच होणार नाही. पिन सांध्याच्या आड असेल आणि नळीच सोडवावी लागत असेल तर थांबा, ते काम कारागिराचं. स्प्रिंग गंजलेली असेल तर त्याच जाडीच्या तारेची, त्याच मापाची नवी घाला, बॉलपेनची नको. पाचरीच्या उताराला कानस लावायची नाही, कितीही खडबडीत दिसला तरी 1000 नंबरचा पेपर, तोही हलक्या हाताने.

पाचरीला टाचणीच्या टोकाएवढं ग्रीस. हवेच्या भोकात (जिथून दाबलेली हवा नळीत येते) तेलाचा थेंबही जाऊ देऊ नका, दाबाने पेटतं आणि आतला पिस्टनचा वायसर खराब होतो.

शेवटी सांध्यावर टिश्यूची पट्टी ठेवून पोत्यात एक छर्रा मारा. पट्टी उडाली तर अजून हवा सुटतेय, वायसरकडे परत जा. आणि जूनपासून बंदूक फोमच्या कव्हरमध्ये ठेवू नका, फोम ओल धरतो, पुसून उघडीच कपाटात ठेवा.