गळाला महसीर मासा लागलाच तर

त्याला जिवंत परत सोडायचाय, म्हणून आधी हात ओले करा. कोरड्या हातानं किंवा टॉवेलानं धरलं की अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि मग बुरशी धरते. खडकावर तर टेकवायचाच नाही. उथळ पाण्यातच एक हात पोटाखाली, दुसरा शेपटीच्या मुळाशी.

एकदा नीट बघून घ्या. मोठाले खवले, जाड मांसल ओठ आणि तोंडाशी मिशांच्या दोन जोड्या. कटला माशाला मिशा नसतात, तेव्हा गल्लत होऊ नये. जबड्यात दात दिसत नाहीत म्हणून घशात बोट घालू नका. शिंपल्या नि खेकडे तो तिथल्याच दातांनी भरडतो. गळ चिमट्यानं काढा. खोल रुतला असेल तर दोरी कापा, ओढाताण नको.

फोटो हवाच? पाण्यातच काढा.

सोडताना तोंड प्रवाहाकडे ठेवा. मागेपुढे हलवत बसायचं नाही, नुसता आधार द्या. शेपटीचा हिसका बसला की हात सैल.

आणि धरला त्याच नदीत सोडा. आपला दख्खनी महसीर इंग्रज निसर्ग-अभ्यासक सायक्सनं १८३९ मध्ये पुण्याच्या मुळा-मुठेतून नोंदवला. तोच पुढे कावेरीत नेऊन सोडला आणि तिथला कुबडवाला महसीर अडचणीत आला. हा कुबडवाला कावेरीच्या खोऱ्याबाहेर कुठेच नाही.