ऑनलाइन दुकानाची पहिली पंचवीस गिऱ्हाइकं कशी मिळवावीत

वेबसाइट सुरू झाली की घरच्यांचे आणि मित्रांचे अंगठे येतात, ऑर्डर मात्र येत नाही. त्यात बिचकण्यासारखं काही नाही. रस्त्यावरच्या दुकानासमोरून निदान चार माणसं जातात-येतात; वेबसाइटसमोरून कुणीच जात नाही. सुरुवातीची गिऱ्हाइकं एकेक करून बोलावून आणावी लागतात. सिंधुदुर्गातून कोकम आगळ (सोलकढीसाठी लागणारा, मीठ घातलेला कोकमाचा दाट रस), मालवणी मसाला आणि आंबापोळी विकणारं घरगुती दुकान आपण उदाहरणाला घेऊ. तुमचा माल वेगळा असला तरी क्रम हाच ठेवा.

१. माल थोडा, कागदपत्रं पूर्ण

तीनच जिनसांनी सुरुवात करा. तीस जिनसा मांडल्या की फोटो वाईट निघतात, साठा अडकतो आणि नक्की काय खपतंय ते कळत नाही.

खाण्याची वस्तू असेल तर एफएसएसएआयचा (केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी क्रमांक पाकिटावर हवाच. त्यासोबत निव्वळ वजन, किंमत, बनवल्याची तारीख, तुमचा पत्ता आणि तक्रारीसाठी फोन. जीएसटीची एक गोष्ट अनेकांना उशिरा कळते: राज्याबाहेर करपात्र माल विकायचा तर उलाढाल कितीही कमी असली तरी नोंदणी लागते. हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना तेवढी सवलत आहे. म्हणजे बांद्याहून पत्रादेवीचा नाका ओलांडून गोव्यात बाटली पाठवली, तरी ते दुसरं राज्य. नोंदणी होईपर्यंत पहिली गिऱ्हाइकं महाराष्ट्रातच शोधा. नाहीतरी ती तिथेच आहेत. तुमच्या मालाला नेमकं काय लागू होतं ते सीएला एकदा विचारून घ्या.

२. स्वतःच्याच दुकानातून ऑर्डर करा

मोबाइलवरून करा, आणि जमलं तर ऑनलाइन खरेदीची फारशी सवय नसलेल्या मावशीकडून करून घ्या. ती कुठे अडते ते शेजारी बसून बघा, मधे बोलू नका. बहुतेक वेळा माणूस शेवटच्या पानावर अडतो, कारण तिथे अचानक कुरिअरचे पैसे वाढतात. ते पैसे वस्तूच्या पानावरच लिहा.

कुरिअरचा हिशेब नीट समजून घ्या. पार्सल हलकं पण मोठं असेल तर अनेक कंपन्या आकारमानाचं वजन धरतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन गुणाकार करायचा आणि ५००० ने भागायचं. २५ × २० × १५ च्या खोक्यात तुम्ही ९०० ग्रॅमचा माल भरलात तर पैसे दीड किलोचे पडतात. खोकं मालाच्या बेताचं घ्या.

आगळाची बाटली हे आणखी वेगळं प्रकरण. झाकणाखाली आतलं बूच, झाकणावर टेप, मग बाटली जाड पिशवीत बंद, आणि मसाल्याचं पाकीट तिच्यापासून लांब. असं एक पार्सल मुंबईच्या नातेवाइकाला पाठवून उघडतानाचा व्हिडिओ मागवा. गळायचंच असेल तर ते घरच्या पार्सलात गळू दे.

३. यादी करा, नावानिशी

या पायरीला सगळ्यांत जास्त वेळ द्या. ज्याला आगळ म्हणजे काय हे समजावून सांगावं लागतं, तो पहिल्या पंचवीसांत येणार नाही. ज्याच्या घरचं आगळ संपलंय, तो येईल. मे महिन्यात आणि गणपतीत गावी येणारे चाकरमानी परतताना पिशव्या भरून नेतात, आणि दिवाळीच्या आसपास लालबागपासून विरारपर्यंत बरण्यांचे तळ दिसू लागतात. निरोप धाडायची वेळ तीच.

वहीत पन्नास-साठ नावं लिहा: नातेवाईक, शाळासोबती, शेजाऱ्यांच्या लेकी-सुना. प्रत्येकाला वेगळा निरोप पाठवा. सगळ्यांना एकच फॉरवर्ड ढकललात तर तो सुप्रभातच्या फुलांत हरवेल. निरोप असा असू द्या:

‘वहिनी, यंदाचं आगळ तयार आहे. पाणी न घातलेलं, घरच्याच रातांब्यांचं. डोंबिवलीत घरपोच येईल. एक बाटली पाठवू का? खाली लिंक आहे, नाहीतर इथेच सांगा.’

इथेच सांगितलेली ऑर्डरही घ्या. वेबसाइटचा हट्ट नंतर करता येईल. पुढे कधी व्हॉट्सॲपचा ब्रॉडकास्ट (एकच निरोप एकदम अनेकांना) वापरलात, तर तो फक्त तुमचा नंबर सेव्ह केलेल्यांनाच पोचतो, म्हणून प्रत्येकाला आधी नंबर सेव्ह करायला सांगा.

कोकणातल्या कितीतरी गावांची मुंबईत मंडळं आहेत आणि त्यांचे ग्रुपही. तिथे जाहिरात टाकण्याआधी ॲडमिनला फोन करा. न विचारता टाकलेल्या दरपत्रकानं गावातलं नाव आधी जातं. एखाद्या सोसायटीतल्या ओळखीच्या काकूंनी पाच घरांची ऑर्डर गोळा केली, तर एकाच पार्सलात सगळं जातं आणि कुरिअरचा खर्च वाटला जातो. काकूंना एक बाटली भेट द्या.

४. अनोळखी गिऱ्हाईक आलं तर

आनंद आहेच, पण आधी फोन करून पत्ता पक्का करा. कॅश ऑन डिलिव्हरीचं पार्सल परत आलं तर जाण्याचा आणि येण्याचा, दोन्ही खर्च बहुधा तुमच्याच माथी पडतो. सुरुवातीला निदान थोडे पैसे आगाऊ घ्या. आणि ‘मोठी ऑर्डर आहे, पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा’ म्हणणाऱ्याचा फोन सरळ ठेवून द्या. पैसे घ्यायला यूपीआय पिन कधीच लागत नाही.

५. पार्सल पोचल्यावर

पार्सलात एक चिठ्ठी घाला: ‘दोन वाट्या नारळाच्या दुधाला दोन-तीन चमचे आगळ. आगळात मीठ आहे, चव बघूनच वरून घाला.’ ही चिठ्ठी नसली की सोलकढी खारट होते आणि दोष तुमच्या आगळाला लागतो. चार दिवसांनी फोन करा. ‘आवडलं का?’ विचारलंत तर सगळे हो म्हणतात. ‘बाटली कशी पोचली, मसाला तिखट पडला का?’ असं विचारा. परवानगी घेऊन त्यांचे शब्द आणि ताटाचा फोटो वेबसाइटवर लावा.

६. गूगल, रील्स, जाहिराती

गूगल मर्चंट सेंटरवर (गूगलच्या शोधात दुकानातल्या वस्तू दाखवायची सोय) वस्तू फुकट नोंदवता येतात, त्या नोंदवून टाका. गूगल मॅप्सवरचं बिझनेस प्रोफाइल निव्वळ ऑनलाइन दुकानाला मिळत नाही, त्यामागे वेळ घालवू नका. रीलमध्ये तुम्ही नाचायची गरज नाही. नारळाच्या दुधात आगळ ओततानाचा रंग पुरतो. फॉलोअर विकत घेणं म्हणजे पैसे पाण्यात. पैशाच्या जाहिराती मी तरी दुसऱ्यांदा मागवणारी पाच-सात माणसं दिसेपर्यंत करणार नाही.

ती माणसं दिसावीत म्हणून वहीत प्रत्येक नावापुढे एक रकाना ठेवा: माल साधारण कधी संपेल. त्या तारखेच्या आठवडाभर आधी पुढचा निरोप जाऊ द्या.