फाइलसिस्टीम दुरुस्तीच्या लहरी टेस्ट: या चुका टाळा

दिंडोरीच्या पॅकहाऊसमध्ये द्राक्षांच्या शीतगृहाचं तापमान नोंदवणारा डबा लाइट गेली की जागच्या जागी बंद पडतो. लाइट आली की आधी ई२एफएससीके हे लिनक्सची फाइलसिस्टीम (डिस्कवर फाइली मांडण्याची व्यवस्था) तपासून दुरुस्त करणारं टूल चालतं, मग नोंदी सुरू होतात. नाशिकच्या अंबड-सातपूरला असले डबे बनवणाऱ्यांकडे या दुरुस्तीच्या टेस्ट रोज चालतात. एखादी लहरीपणे कधी हिरवी (पास), कधी लाल (नापास) झाली की ठरलेलं उत्तर येतं, "परत रन मार रे." इथे तेवढं करू नका. एकाच इमेजवर (अख्ख्या डिस्कची एका फाइलमधली प्रत) टूल दोनदा दोन निकाल देत असेल, तर तो दोष पुढे गिऱ्हाइकाच्या डेटावर निघणार. टेस्ट आपोआप चालवणाऱ्या सीआय यंत्रणेतला ऑटो-रिट्राय (पडलेली टेस्ट आपोआप पुन्हा चालवणं) या टेस्टपुरता आधी बंद करा.

बहुतेक वेळा टूल निर्दोष असतं. आपण ‘तीच’ म्हणतो ती इमेज दर वेळी वेगळी असते.

सगळ्यात जास्त वेळ खाणारी चूक म्हणजे स्लीप (ठरावीक सेकंद थांबण्याची आज्ञा) टाकून लाइट जाण्याची नक्कल करणं. इमेज माउंट करायची, फाइल लिहायची, स्लीप ३, मग खालची इमेज कॉपी करायची आणि म्हणायचं, लाइट गेली. ईएक्सटी४ या लिनक्स फाइलसिस्टीमचं जर्नल (बदलांची नोंदवही) साधारण दर ५ सेकंदांनी कमिट होतं, म्हणजे डिस्कवर पक्कं होतं, आणि फाइलचे ब्लॉक कुठे ठेवायचे हेही ते लांबणीवर टाकतं. त्यामुळे कॉपीत फाइल पूर्ण येईल, अर्धी येईल की येणारच नाही, हे त्या क्षणी रनरवर (टेस्ट चालवणाऱ्या मशीनवर) किती लोड आहे त्यावर ठरतं. स्लीप १० केल्याने टेस्ट फक्त हळू होते. शिवाय कॉपी काही एका क्षणात होत नाही. सुरुवातीचे ब्लॉक जुने आणि शेवटचे नवे, अशी कुठल्याच डिस्कवर कधी नसलेली अवस्था हाती येते. लाइट गेल्याचीच टेस्ट हवी असेल तर लिनक्सच्या डिव्हाइस मॅपर या डिस्क-थरातलं डीएम-लॉग-राइट्स वापरा. ते प्रत्येक राइट क्रमाने नोंदवतं आणि हव्या त्या टप्प्यापर्यंत पुन्हा चालवू देतं. आणखी एक छुपा भिडू आहे: इमेज बनवणारं टूल एमकेई२एफएस आयनोड टेबल (प्रत्येक फाइलच्या माहितीचा तक्ता) पूर्ण कोरं न करता सोडतं आणि पहिल्या माउंटनंतर कर्नल (लिनक्सचा गाभा) ते काम मागून उरकत बसतो. एमकेई२एफएसला लेझी_आयटेबल_इनिट=० द्या, म्हणजे तेही थांबेल.

दर रनला नवी इमेज बनवणं ही पुढची चूक. यूयूआयडी (इमेजची ओळख) नवा, हॅश सीड (फोल्डरमधल्या नावांची मांडणी ठरवणारा आकडा) नवा, आणि डिफॉल्ट फीचर त्या मशीनवरच्या आवृत्तीप्रमाणे. ही टूल्स ज्या संचात येतात त्या ई२एफएसप्रॉग्सच्या १.४३ आवृत्तीपासून मेटाडेटा चेकसम (फाइलसिस्टीमच्या स्वतःच्या नोंदी बिघडल्यात का ते ओळखणारा आकडा) आपोआप चालू असतो. एकाच्या लॅपटॉपवर अपेक्षित चूक दिसते आणि दुसऱ्याकडे त्याच जागी चेकसमची तक्रार, ती अशी. ई२एफएसप्रॉग्सच्या स्वतःच्या टेस्टची पद्धत उचला: जीझिप केलेली बिघडलेली इमेज रिपॉझिटरीत, शेजारी पहिल्या आणि दुसऱ्या रनचं अपेक्षित आउटपुट. दुसरा रन सोडू नका. पहिल्यात सगळं दुरुस्त झालं असेल तर दुसऱ्यात काहीच सापडता कामा नये.

एक्झिट कोड (टूल संपताना परत देतं तो आकडा) ‘शून्य म्हणजे पास’ असा वाचू नका. चूक सापडून दुरुस्त झाली तर १, तशीच राहिली तर ४, टूललाच अडचण आली तर ८. बिघडवलेल्या इमेजवर ० आला तर आनंद नको, शंका घ्या. ‘-एफ’ (सक्तीने तपासण्याचा पर्याय) विसरला असाल तर सुपरब्लॉकवरचा (फाइलसिस्टीमची मुख्य माहिती असलेल्या ब्लॉकवरचा) ‘क्लीन’ शिक्का बघून टूल न तपासताच परत जातं. रनरचं घड्याळ मागे असलं तर ‘शेवटचं माउंट भविष्यातलं आहे’ ही आगाऊ तक्रार येते. ती टाळायला ई२एफएससीके_टाइम हा एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल ठरावीक वेळेवर बांधा.

रँडम बाइट फेकून इमेज बिघडवणं दिसायला भारी, पण घाव रिकाम्या ब्लॉकवर बसला तर टूलला काहीच सापडत नाही, आणि सुपरब्लॉकवर बसला तर वेगळंच नाटक. नेमकं बिघडवा. फाइलसिस्टीमची आतली रचना हाताळणारं डीबगएफएस राइट मोडमध्ये उघडून आयनोड पुसणारी आज्ञा ‘सीएलआरआय <१२>’ द्या. ११ हा लॉस्ट+फाउंड या ठरलेल्या फोल्डरचा आयनोड, म्हणून ताज्या इमेजवर पहिली टाकलेली फाइल सहसा १२ वर असते. मग ई२एफएससीकेच्या पास २ मध्ये (दुसऱ्या टप्प्यात) त्या फाइलच्या नावापुढे ‘डिलीटेड/अनयूज्ड आयनोड १२’ येतं, दर वेळी तेच. मेसेज जुळवून बघत असाल तर मेसेजची भाषा ठरवणारं एलसी_ऑल=सी ठेवा, नाहीतर भाषा बदलली की टेस्ट पडते.

लूप डिव्हाइसबद्दल (फाइलला डिस्क म्हणून दाखवणारी सोय) थोडक्यात: शक्यतो वापरूच नका, ई२एफएससीके साध्या फाइलवर चालतं. माउंट करावंच लागलं तर लूप०, लूप१ असे नंबर स्क्रिप्टमध्ये कोरू नका, रिकामा नंबर लोसेटअप या आज्ञेला शोधू द्या. लिनक्स ३.७ पासून डिव्हाइस वापरात असलं तरी डिटॅच तक्रार न करता परत येतं आणि खरं सुटणं मागाहून होतं. पुढची टेस्ट तेवढ्यात घुसली की ‘बिझी’ ऐकू येतं.

इतकं करूनही एखादी टेस्ट लाल झालीच, तर दुरुस्तीच्या आधीची इमेज सीआयच्या आर्टिफॅक्टमध्ये (रननंतर जपून ठेवलेल्या फाइलींमध्ये) ठेवा. टेस्टच्या इमेजमध्ये बहुतांशी शून्यच असतात, जीझिप करून ती सहज मावते. नुसत्या लॉगवरून अंदाज बांधण्यापेक्षा तीच इमेज टेबलावर घेऊन पुन्हा पुन्हा चालवता येते.