क्रेडिट कार्डाची थकबाकी दुसऱ्या कार्डावर नेताना: व्याज वाचवा, सिबिलही सांभाळा

कार्डाचे बिल पूर्ण भरता आले नाही की बरेच जण ‘मिनिमम ड्यू’ म्हणजे बिलावरची किमान रक्कम भरतात आणि सुटकेचा श्वास टाकतात. लेट फी लागत नाही, वसुलीचे फोन येत नाहीत, सिबिल, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीवरून ठरणारा स्कोअर, तोही बिघडत नाही. पण कर्ज मात्र जवळजवळ जागचे हलत नाही.

आधी स्टेटमेंट नीट वाचा

समजा बाकी ८०,००० रुपये आहे आणि व्याज महिना ३.५ टक्के. महिन्याचे व्याज झाले २,८०० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी ५०४ रुपये. तुम्ही किमान रक्कम म्हणून ४,००० रुपये भरले, तर मुद्दलातून गेले फक्त ६९६. शिवाय मागची बाकी असताना नव्या खरेदीला बिनव्याजी मुदत मिळत नाही. आज कार्डावर घेतलेल्या किराण्याचे व्याज आजपासूनच सुरू होते. म्हणून पहिले काम हेच: थकलेले कार्ड वापरणे पूर्ण थांबवा. शॉपिंग ॲपमध्ये सेव्ह केलेला नंबर काढून टाका, रिचार्ज आणि ओटीटीचे ऑटो-पे बँक खात्यावर वळवा. कार्डावर एटीएममधून रोख काढून दुसरे बिल भरायचा विचारही नको. त्यावर वेगळी फी लागते आणि व्याज पहिल्या दिवसापासून.

घरात स्वस्त पैसा आहे का, पाहा

मुदत ठेव असेल तर तिच्यावर कर्ज मिळते, सहसा ठेवीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त व्याजाने. सोनेतारण कर्जही कार्डापेक्षा खूपच स्वस्त पडते. ठेव मोडायला किंवा दागिने गहाण ठेवायला मन धजत नाही, हे समजण्यासारखे आहे. पण ठेवीवर सात टक्के मिळवत कार्डावर वर्षाला बेचाळीस टक्के भरणे हा उघड तोटा आहे. भिशी लागणार असेल किंवा बोनस येणार असेल, तर ती रक्कम आधीच या बाकीच्या नावाने बाजूला काढा.

मग बॅलन्स ट्रान्सफर

यात दुसरी बँक तुमची बाकी तिच्या कार्डावर घेते आणि कमी व्याजाने हप्ते बांधून देते. वरचे ८०,००० महिना दीड टक्क्याने, घटत्या शिल्लकीवर, १२ महिन्यांसाठी नेले तर व्याज सुमारे ८,००० होते. त्यावरचा जीएसटी आणि दोन टक्के प्रोसेसिंग फी धरून एकूण खर्च साधारण ११,३०० रुपये. जुन्या कार्डावरच वर्षभरात समान हप्त्यांनी फेडले असते तर २३,००० गेले असते.

होकार देण्यापूर्वी बँकेला विचारा: व्याज फ्लॅट, म्हणजे शेवटपर्यंत मूळ रकमेवर आहे, की घटत्या शिल्लकीवर? फ्लॅट ‘महिना फक्त एक टक्का’ प्रत्यक्षात वर्षाला २१ टक्क्यांच्या पुढे जातो. बिनव्याजी मुदतीची ऑफर असेल तर मुदत संपल्यावर दर किती? मुदतीपूर्वी फेडल्यास दंड आहे का? उत्तरे ईमेलवर मागून घ्या. आणि एकाच वेळी चार-पाच बँकांकडे अर्ज टाकू नका. प्रत्येक अर्जाची चौकशी तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर (कर्जांच्या नोंदींच्या अहवालावर) नोंदली जाते आणि स्कोअर थोडा उतरतो. आपला रिपोर्ट आपणच पाहिला तर मात्र काही फरक पडत नाही.

ट्रान्सफरचा महिना जपा

चांगली माणसे फसतात ती इथे. अर्ज मंजूर झाला म्हणजे जुने बिल भरले गेले असे नाही. पैसे जुन्या कार्डावर जमा झालेले दिसेपर्यंत तिथली किमान रक्कम भरत राहा. देय तारखेनंतर तीन दिवस उलटले की बँक लेट फी लावू शकते आणि थकबाकी सिबिलला कळवू शकते.

पुढचे बिलही उघडून पाहाच. आधीच्या बिलाच्या तारखेपासून पैसे जमा होईपर्यंतच्या दिवसांचे व्याज त्यात येते. ‘कार्ड शून्य झाले’ म्हणून ते बिल कोणी उघडत नाही, आणि हजार-दोन हजारांच्या विसरलेल्या रकमेपायी थकीत खात्याचा शिक्का बसतो.

जुने कार्ड घाईने बंद करू नका

जुन्या कार्डाची मर्यादा १,००,००० आणि नव्याची १,२०,००० धरा. दोन्ही चालू असतील तर ८०,००० म्हणजे एकूण मर्यादेच्या ३६ टक्के वापर. जुने बंद केले की तोच वापर ६७ टक्के दिसतो. स्कोअरसाठी तीस टक्क्यांच्या आत असलेला वापर चांगला मानतात. मात्र कार्ड हाताशी असले की हात आवरत नसेल, तर बंद केलेलेच बरे, असे माझे स्पष्ट मत आहे. स्कोअर काही महिन्यांत सावरतो, दोन कार्डांवरचे दुहेरी कर्ज नाही. बाकी नसताना बंद करण्याचा अर्ज दिला की बँकेने तो सात कामकाजाच्या दिवसांत पूर्ण करायचा असतो. नंतर दिवसाला ५०० रुपये दंड तिने तुम्हाला द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

हप्ताही झेपत नसेल तर

फोन टाळू नका. बँकेला स्वतः लिहा, नोकरी गेली किंवा आजारपण आले हे कागदपत्रांसह कळवा आणि लांब मुदतीचे हप्ते मागा. वसुली एजंटला सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करण्याची परवानगी नाही. ‘अर्ध्यात सेटल करू’ असा प्रस्ताव आला तर लक्षात ठेवा, रिपोर्टवर ‘सेटल्ड’ अशी नोंद होते आणि पुढे गृहकर्जाच्या वेळी तीच आडवी येते. दुसरा मार्गच उरला नसेल तरच सेटलमेंट करा, तेही बँकेचे तसे पत्र हातात आल्यावर.

रिपोर्ट तपासा

सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट मोफत मिळतो. ट्रान्सफरनंतर दीड-दोन महिन्यांनी जुन्या कार्डाची बाकी शून्य दिसते का ते पाहा. चूक असेल तर त्याच कंपनीच्या संकेतस्थळावर तक्रार नोंदवा आणि तक्रारीचा क्रमांक जपून ठेवा. तीस दिवसांत निवारण झाले नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याचा तुम्हाला हक्क आहे.