सलीम अलींच्या नावांची नोंदवही कशी ठेवावी

पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सलीम अली (1896–1987) यांच्या नावाने ओळखले जाणारे पक्षी, वटवाघूळ आणि अभयारण्ये यांची यादी करणे सोपे आहे. परंतु ते नाव कोणी, कोणत्या साली आणि कशाच्या आधारावर दिले, हे लिहिल्याशिवाय ती यादी अपुरीच राहते.

सुरुवात शास्त्रीय नावाच्या शेवटापासून करावी. ‘सलीमअलीआय’ या नावात रोमन लिपीतील ‘आय’ हे अक्षर शेवटी दोनदा येते: पहिले ‘अली’ या आडनावातले आणि दुसरे लॅटिन षष्ठीचा प्रत्यय, म्हणजे आपल्या ‘चा-ची-चे’चे काम करणारे. स्त्रीच्या नावाला ‘ए’ आणि ‘ई’ अशी दोन अक्षरे लागतात. हा फरक ठाऊक असला की व्हिस्लर आणि किनिअर यांनी 1934 मध्ये वर्णन केलेली सोनपाठी सुताराची दक्षिणेकडील उपजात नजरेतून सुटत नाही, कारण ती सलीम अलींच्या पत्नी तेहमिना यांच्या नावाची आहे. रानावनातील भ्रमंतीत त्यांना साथ देणाऱ्या तेहमिनांची नोंद या वहीत अवश्य असावी, असे मला मनापासून वाटते.

त्यानंतर मूळ नमुन्याचा इतिहास पाहावा. सर्वांत जास्त वेळ येथेच द्यावा. ‘लॅटिडेन्स सलीमअलीआय’ या फलाहारी वटवाघळाचा नमुना अँगस हटन यांनी 1948 मध्ये तमिळनाडूतील मेघमलै डोंगरांत मिळवला होता. तो मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या संग्रहात एका सामान्य, आखूड नाकाच्या वटवाघळाच्या नावाची चिठ्ठी बांधून वीस वर्षांहून अधिक काळ पडून राहिला. थायलंडचे प्राणिशास्त्रज्ञ किट्टी थोंगलोंग्या यांनी तो पुन्हा तपासला, तेव्हा ती केवळ नवी प्रजातीच नव्हे, तर एका नव्या वंशाची (प्रजातींच्या गटाची) प्रजाती ठरली आणि 1972 मध्ये तिचे वर्णन प्रसिद्ध झाले. म्हणून नोंदीत नमुना मिळाल्याचे साल आणि नाव दिल्याचे साल वेगवेगळे लिहावे.

नावाचा आजचा दर्जाही तपासावा. डेव्हिड लॅक यांनी 1958 मध्ये उपजात म्हणून वर्णन केलेली पाकोळी आता अनेक याद्यांत स्वतंत्र प्रजाती मानली जाते. ‘झूथेरा सलीमअलीआय’ हा हिमालयी वनकस्तूर मात्र 2016 मध्येच, मुख्यतः गाण्यातील फरकाचा माग काढत, वेगळा ओळखला गेला.

स्थळांच्या बाबतीत त्या व्यक्तीचा तेथील कामाशी संबंध होता का, हे स्वतंत्र रकान्यात लिहावे. केरळमधील थट्टेकाड येथे अलींनी 1930च्या दशकात पक्ष्यांची पाहणी केली होती आणि 1983 मध्ये, त्यांच्या हयातीतच, तेथे अभयारण्य झाले. गोव्यातील चोडण बेटावरच्या खारफुटीतील अभयारण्याला दिलेले त्यांचे नाव हे आदराचे स्मारक आहे.